अर्जदार नर्सची बावीस मिनिटं

ऑर्व्हिल नीसने पहिल्याच दिवशी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कोरीनच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं होतं. वर नाव, कोरीन स्टॅम्पर. खाली हिरवी पट्टी आणि पट्टीवर दोन शब्द: अर्जदार नर्स.

"म्हणजे अर्धीच की गं तू," तो म्हणाला. "आणि ही व्हर्ना आख्खी. दोघी मिळून दीड. एका म्हाताऱ्याला दीड नर्स म्हणजे चैनच झाली."

"तुझ्या जिभेला तीन लागतील," व्हर्ना कॉम्ब्ज म्हणाली आणि त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

ऑर्व्हिलने एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती. खाण बंद पडली, पण तिची धूळ त्याच्या छातीत राहिली. दर दोन-तीन महिन्यांनी तो आठवडाभर रुग्णालयात यायचा. नळीतून ऑक्सिजन घ्यायचा, वाफेचं औषध घ्यायचा, सगळ्यांच्या खोड्या काढायचा आणि घरी जायचा. आमचं रुग्णालय पंचवीस खाटांचं. खाली तातडीचा विभाग, वर वॉर्ड. इथे कुणी कुणाला अनोळखी नसतं. व्हर्ना आणि ऑर्व्हिलची मुलगी डेल्फा एका वर्गात होत्या. कोरीनची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि ऑर्व्हिलच्या नातवंडांना रोज दुपारी घेवडा आणि मक्याचा पाव वाढायची.

कोरीन मे महिन्यात नर्सिंग पास झाली आणि जूनमध्ये तिला राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा तात्पुरता परवाना मिळाला. हा परवाना म्हणजे साखरपुडा झालेल्या मुलीची गत. धड माहेरची नाही, धड सासरची नाही. काम सगळं करायचं, पण जुनी नर्स त्याच इमारतीत हजर असली तरच. नोंद लिहायची, पण तिच्याखाली जुन्या नर्सची सही पडली तरच ती खरी. कोरीनच्या प्रत्येक सहीखाली दीड महिना व्हर्नाची सही पडत आली होती. शेवटी एक मोठी परीक्षा. पास झालात तर कायमचा परवाना. नापास झालात तर तात्पुरताही गेला, आणि तोही निकाल कळला त्याच क्षणी. ड्यूटी संपेपर्यंतसुद्धा सवलत नाही. त्यानंतर साधी गोळी हातात दिली तरी गुन्हा, आणि देखरेख करणाऱ्या नर्सचा परवानाही गोत्यात.

परीक्षा मंगळवारी झाली, लेक्सिंग्टन शहरात. तिथला संगणक माणसाची कुवत जोखत जोखत प्रश्न विचारतो. कुणाला पंचाऐंशी प्रश्नांतच मोकळं करतो, कुणाला दीडशेपर्यंत बसवून ठेवतो. कोरीनला दीडशे आले. ती बाहेर आली तेव्हा तिला एकही प्रश्न आठवत नव्हता. गाडीत बसून तिने आईने दिलेलं सँडविच तसंच परत डब्यात ठेवलं.

आता या मुलींमध्ये एक युक्ती चालते. कुणी काढली देव जाणे. परीक्षा दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच संकेतस्थळावर जायचं आणि पुन्हा त्याच परीक्षेचा अर्ज भरायला घ्यायचा. संगणकाने अर्ज अडवला तर तुम्ही पास. त्याने अर्ज मुकाट्याने घेतला आणि पैसे भरायचं पान उघडलं, तर नापास. परीक्षा घेणारी कंपनी घसा फोडून सांगते की याला काही अर्थ नाही. पण खऱ्या निकालाला दोन दिवस लागतात आणि बावीस वर्षांच्या मुलीला दोन दिवस म्हणजे दोन वर्षं. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींनी हे केलं होतं आणि सगळ्यांचं खरं निघालं होतं.

कोरीनने बुधवारी संध्याकाळी आईच्या ओसरीवर बसून अर्ज भरला. संगणकाने मुकाट्याने घेतला. पैसे भरायचं पान उघडलं.

तिने तीनदा पुन्हा करून पाहिलं आणि तीनदा तेच पान आलं. समोर, रस्त्याच्या वळणावर चर्चची पाटी दिसत होती. पाळकांनी तिच्यावर अक्षरं लावली होती: "आमच्या खोऱ्याची नर्स, कोरीन. देव भलं करो." पोरीने मान फिरवली आणि आत जाऊन आईला म्हणाली की डोकं दुखतंय.

गुरुवारी दुपारी बोर्डाचा संदेश आला की निकाल तयार आहे. तो उघडायचा की नाही, इथेच खरी मेख होती. उघडला आणि नापास असं वाचलं, की कायद्याने ती त्या क्षणापासून कुणी नाही. मग पुन्हा परीक्षेला बसायला दीड महिना थांबायचं, तोवर नोकरी नाही आणि चर्चच्या पाटीवर नाव तसंच. नाही उघडला, तर? युक्तीने सांगितलं ते काही बोर्डाने सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारपर्यंतची ड्यूटी संपवू, सोमवारी उघडू आणि मग काय व्हायचं ते होवो, असं तिने स्वतःला समजावलं. ज्याला सोमवारी मरायचंय त्याला रविवार फार लांब वाटतो.

पण मन काही समजावलेलं ऐकून घेत नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी तिने कामं केली खरी, पण दर वेळी व्हर्ना नोंदीखाली सही करायला वाकली, की कोरीनला वाटायचं, हिचा हात धरावा. व्हर्नाची नोकरी चौतीस वर्षांची. नवरा गेल्यावर तिने याच सहीवर दोन मुलं वाढवली होती.

"काय बघतेस?" व्हर्नाने विचारलं. "सही चुकली का माझी?"

"नाही, काही नाही."

"दोन दिवस झाले, तीन-तीनदा विचारतेस. परवापर्यंत डोळे मिटून करायचीस ही कामं. परीक्षेने अक्कल काढून घेतली का तुझी?"

"निकाल यायचाय ना," कोरीन म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान तापले.

"येईल गं. मी तर दोनदा बसले होते," व्हर्ना म्हणाली आणि पुढच्या खोलीकडे वळली.

हे ऐकूनही कोरीनला सांगता आलं नाही. दोनदा बसलेल्या बाईला नापास होण्याचं दुःख कळलं असतं. पण नापास असून गुरुवारपासून तिच्या सह्या घेतल्या, हे तिने समजून घेतलं असतं का?

शनिवारी वॉर्डात सात पेशंट होते. श्वासाची यंत्रं सांभाळणारा माणूस शनिवार-रविवार नसतो, म्हणून वाफेचं औषधही नर्सेसनीच द्यायचं. दुपारी दोनच्या सुमाराला हमरस्त्यावर एक पिकअप उलटली आणि चार माणसं खाली तातडीच्या विभागात आली. त्यात एक लहान मूल होतं. खालून बोलावणं आलं तशी व्हर्ना हातमोजे खिशात कोंबत लिफ्टकडे धावली.

"वर तू आहेस, मदतीला ट्विला आहे," ती जाता जाता म्हणाली. "ऑर्व्हिलला वाफ चारला आहे. मध्येच धाप लागली तर द्यायची असं डॉक्टरांनी लिहूनच ठेवलंय. माझी वाट बघू नकोस, देऊन टाक."

"व्हर्ना, एक मिनिट," कोरीन म्हणाली.

"काय?"

शब्द तोंडापर्यंत आले होते. खाली ते मूल रडत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"काही नाही. जा तुम्ही."

लिफ्टचं दार बंद झालं. आता वॉर्डात एक मदतनीस होती आणि एक कोण होती, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

दोन चाळीसला सहा नंबरची घंटी वाजली. ऑर्व्हिल खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर-खाली होत होते आणि ओठांचा रंग गेला होता. बोटाला लावलेलं यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी दाखवत होतं, तो नव्वदच्या वर हवा. कोरीन औषधाच्या कपाटाकडे पळाली, कुपी घेऊन पळत परत आली. सगळं तिला येत होतं. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर तिने वाचून संपायच्या आत उत्तर दिलं असतं. कुपीचं टोक मोडायचं, औषध यंत्राच्या पेल्यात ओतायचं, मुखवटा लावायचा, यंत्र सुरू करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तिने कुपी मोडली नाही.

तिने कुपीला बोटं लावली आणि तिला वाटलं, मी आता नर्स नाही. हे दिलं आणि याचं काही बरंवाईट झालं, तर नोंदीवर खाली व्हर्नाचं नाव येणार. या म्हाताऱ्याच्या अंगावर माझे हात, आणि हे हात आता कुणाचेच नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते असं. एवढे दिवस ती नुसती लपवत होती. आता ते लपवलेलंच तिचा हात धरून बसलं.

तिने खाली फोन लावला. उचलणाऱ्या कारकुनाने सांगितलं, व्हर्नाचे दोन्ही हात गुंतलेत, पोराचं रक्त थांबत नाहीये.

"त्यांना म्हणावं, सहा नंबरला धाप लागलीय, याल का?"

तो विचारून आला. "द्या म्हणतायत. लिहिलेलं आहे म्हणतायत."

कोरीनने ऑर्व्हिलच्या पाठीशी उशा लावल्या. खाटेचं डोकं वर केलं. नाकातली नळी नीट बसवली, कपाळ पुसलं, त्याचा हात धरला. एखादी शेजारीण जे जे करेल, ते ते सगळं तिने केलं. आकडा ब्याऐंशीवर आला. तिने पुन्हा खाली फोन केला. पुन्हा तेच उत्तर.

ट्विला चादरी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. ट्विला वीस वर्षं या वॉर्डात मदतनीस होती. औषध द्यायचा तिला अधिकार नव्हता, पण कधी द्यायला हवं हे तिला अर्ध्या डॉक्टरांपेक्षा चांगलं कळत होतं.

"अगं दे ना त्याला! काय बघत बसलीस?"

"व्हर्ना येतायत."

"व्हर्ना येऊन काय करणार? औषध तर तुझ्या हातात आहे!"

"त्या येतायत, ट्विला. आल्याच."

"कोरीन, त्याचे ओठ बघ," ट्विला म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

ऑर्व्हिलने मान वर केली. बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता, तरी तो माणूस बोलल्याशिवाय राहणाऱ्यातला नव्हता. एकेक शब्द त्याने खणून काढावा तसा काढला.

"अर्धी पण... चालेल गं."

कोरीन रडायला लागली. रडता रडता तिने यंत्राची तार खोचली, मुखवटा सोडवला, पुन्हा हातात कुपी घेतली, पुन्हा थांबली. किती वेळ गेला ते तिला नंतर नोंदीवरून कळलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा ट्विलानेच भिंतीवरचं तातडीचं लाल बटण दाबलं. खालून डॉक्टर आणि व्हर्ना जिन्याने धावत आले. व्हर्नाच्या बाहीवर पोराचं रक्त होतं. तिने कोरीनच्या मुठीतून कुपी काढून घेतली, मोडली, ओतली, मुखवटा लावला. तेव्हा घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

पण वाफ पोचायला श्वास आत जावा लागतो आणि ऑर्व्हिल आता श्वास ओढून ओढून दमला होता. डॉक्टरांनी त्याच्या घशात नळी घातली. साडेतीनला त्याला रुग्णवाहिकेत घालून लेक्सिंग्टनच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. शुद्ध नव्हती. जगेल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

"बावीस मिनिटं," डॉक्टर नोंद बघून म्हणाले. "का?"

"नवी आहे, गोठली," कोरीनने तोंड उघडायच्या आत व्हर्ना म्हणाली. "पहिल्या वर्षी मीही गोठले होते. तिला एकटीला वर सोडून मी गेले, चूक माझी लिहा."

डॉक्टर नोंद ठेवून खाली गेले. कोरीनला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. शिव्या खाल्ल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. व्हर्नाने तिच्यासाठी पुढे केलेली मान तिला सोसवेना. तिने व्हर्नाला नर्सेसच्या टेबलामागच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"मी गोठले नव्हते," ती म्हणाली. "मी नापास झालेय. मला बुधवारपासून माहितीये. मी औषध देऊच शकत नव्हते."

व्हर्नाने रक्ताळलेली बाही वर दुमडली. मग खुर्चीवर बसली.

"गुरुवारी तू माझ्यासोबत काम केलंस. काल केलंस. आज सकाळी सात जणांच्या गोळ्या दिल्यास." ती हळू बोलत होती. "आणि सगळ्यांखाली मी सह्या केल्या."

"हो."

"म्हणजे तू मला पण घेऊन बुडत होतीस. आणि वर मला विचारत होतीस, कॉफी आणू का म्हणून?"

"मला सोमवारी सांगायचं होतं."

"सोमवार!" व्हर्नाने टेबलावर हात आपटला. "ऑर्व्हिलला शनिवारी श्वास लागत होता, बये! लिफ्टपाशी बोलायचं होतंस ना मला. एक शब्द. मी दुसऱ्या कुणाला तरी वर पाठवलं असतं, स्वतः आले असते. नापास झालीस, झालीस. त्याने कुणी मरत नाही. हे असं गप्प बसल्याने मरतात." ती थांबली. "दाखव निकाल."

"उघडला नाही मी."

"काय?"

"उघडला असता तर परवाना गेला असता. म्हणून."

"मग नापास झालीस हे तुला सांगितलं कुणी?"

कोरीनने युक्ती सांगितली. सांगताना ती तिलाच पोरकट वाटायला लागली. व्हर्नाला दोनदा समजावून सांगावं लागलं. मग व्हर्ना उठली, बाहेर टेबलावरच्या संगणकाशी गेली आणि बोर्डाची नर्सेसची यादी उघडली. ती सगळ्यांना खुली असते, कुणीही कुणाचंही नाव घालून बघावं. व्हर्नाने दोन बोटांनी सावकाश नाव टाइप केलं. चष्मा वर केला, खाली केला.

"ये इकडे," ती म्हणाली. "वाच."

कोरीनचं नाव होतं. नावापुढे नोंदणीकृत नर्स असं लिहिलं होतं. परवान्याचा क्रमांक होता आणि तारीख होती शुक्रवारची, म्हणजे कालची.

"पास झाली?" ट्विला मागून वाकून बघत म्हणाली. तिला आतलं काहीच ठाऊक नव्हतं. "अगंबाई, पास झाली की ही!" तिने कोरीनला मिठी मारली. दुपारभर कोंडलेलं काहीतरी तिलाही मोकळं करायचं होतं.

आणि कोरीनला आनंद झाला. खोटं कशाला बोला, एक क्षणभर तिला निव्वळ, लखलखीत आनंद झाला. आई, पाटी, नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या क्षणी सहा नंबरची रिकामी खाट दिसली आणि त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने ट्विलाचे हात सोडवून घेतले.

"माझ्या सह्या शाबूत," व्हर्ना पडद्याकडे बघत म्हणाली. "तुझा परवाना शाबूत. बोर्ड तुला काही म्हणणार नाही, मला काही म्हणणार नाही. कागदाच्या बाजूने सगळं चोख आहे." तिने संगणक बंद केला. "ते औषध तू दिलं असतंस ना, तर कुणीच काही म्हणालं नसतं."



टेबलावरचा फोन वाजला. व्हर्नाने उचलला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "डेल्फा आहे. लेक्सिंग्टनच्या वाटेवर आहे. शेजारच्या पाच नंबरच्या पेशंट बाईंनी तिला फोन करून सांगितलंय काहीबाही." तिचा चेहरा थकलेला होता. "मी बोलते. मी खाली होते म्हणून सांगते, ते खरंच आहे. शाळेपासूनची आहे माझी, समजून घेईल."

कोरीनने हात पुढे केला. व्हर्नाने फोन तिला दिला.

"कोण बोलतंय?" डेल्फाचा आवाज गाडीच्या आवाजात तुटत होता. "मला एवढंच सांगा. पाच नंबरच्या बाई म्हणतायत बाबा अर्धा तास तडफडत होते आणि वर नर्सच नव्हती. सगळ्या खाली अपघाताला गेल्या होत्या म्हणे. खरं आहे का हे? वर एक तरी नर्स होती का?"

"होती," कोरीन म्हणाली. "मीच होते. औषध माझ्या हातात होतं."